थोरलीची कंबर

वॉर्डात तिला सगळे 'क्रेन' म्हणत. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी नव्वद किलोचा पेशंट एकटी कुशीवर वळवी. पाठची बहीण दिसायला उजवी, अभ्यासात पुढे आणि आईची लाडकी. थोरलीचे एक वर्ष बुडाल्याने दोघी आता एकाच वर्गात होत्या. थोरलीपाशी स्वतःचे म्हणावे असे ते टोपणनाव तेवढे होते.

म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात तब्येतीच्या पाहणीचा कागद वाटला, 'वर्षभरात कंबर दुखली का?' तेव्हा तिने ठळक अक्षरांत 'नाही' लिहिले. खरे तर सहा महिने मोजे घालतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येई. पण क्रेनची कंबर दुखते म्हटल्यावर उरले काय? धाकटीने मात्र बेधडक 'हो' लिहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी धाकटीला वर्गातल्या पलंगावर पालथे झोपवले. कुठे दुखते, कशाने दुखते, सगळे प्रेमाने विचारले. मग अंगठ्याने कंबर दाबू लागल्या.

"आई गं! किती बरं वाटतंय!" धाकटी म्हणाली.

थोरली पुढे सरकून बघू लागली. घरी गादीचा खड्डा आपल्या वाट्याला, सपाट बाजू हिच्या. आणि आता दुखण्याचे कौतुकही हिचेच!

"पंधरा दिवस पेशंट उचलायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "हिचं काम क्रेन करेल. काय गं, करशील ना? ये, हिला कुशीवर वळवू, पाय धर."

थोरली वाकली. गुडघ्यात वाका, कमरेत नाही, हे तिनेच पहिल्या वर्षाच्या मुलींना घोकवून घेतले होते. पण रागाच्या भरात ती कमरेतूनच वाकली, आणि तिथेच अडकली. ना खाली, ना वर.

"ताई, काय झालं? तुझी पण दुखते?"

"पण? पण काय?" थोरली वाकल्या वाकल्याच कडाडली. "माझी तुझ्या आधीपासून दुखते! आणि तुझ्यापेक्षा जास्त!"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. धाकटी झटकन उतरली, तिनेच बहिणीला काखेत हात घालून पलंगावर निजवले. मॅडमचा अंगठा नेमका दुखऱ्या जागी टेकला, तशी थोरलीने डोळे मिटले.

"कागदावरचं 'नाही' खोडा, मॅडम," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "आणि हिला पंधरा दिवस दिलेत ना? मला वीस लिहा."