देवरावभाऊंनी रिसेट दाबलं नाही

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय.

नालवाडीच्या एका लॉन्ड्रीत बॉयलर दुरुस्तीला गेलतो. बर्नर पेटत नव्हता. मॅनेजर ऑपरेटर देवरावभाऊंवर ओरडत होता, "बर्नरचं रिसेट बटण दाब म्हणतो, तर ऐकत नाई!"

"तीनदा दाबलं साहेब. आता आतून डिझेलचा वास येऊन राह्यला," भाऊ म्हणाले.

मी झाकण उघडलं. आत डिझेल साचलेलं! चौथ्यांदा रिसेट दाबून एक ठिणगी पडली असती, तर शेजारी कपडे धुणाऱ्या बायांसकट सगळे गेले असते.

मॅनेजरनं ते पाहिलं. तरी भाऊंच्या हातात हुकूम न ऐकल्याचा मेमो दिलाच.

डिझेल काढलं, गळका व्हॉल्व्ह बदलला आणि हात बांधून उभा राहिलो. "आधी मेमो फाडा, मग बॉयलर सुरू करतो."

फाडला. पण भाऊंची माफी कोणीच मागितली नाही.

तुमच्याकडे अशा माणसाले काय मिळते?