सौ. व सौ.

ती आलेल्या पाकिटावरचं नाव आधी वाचायची, पत्र मग. लिहायला बसण्यापूर्वी साबणाने हात धुवायची. वाळलेल्या शाईवरही फुंकर मारायची. तिकीट तिरकं लागलं की दिवसभर कुरकुरायची. बायको चिडली की न विचारता चहा टाकायची.

ती माझ्या मैत्रिणीची आत्या, म्हणून माझीही आत्याच. शाळेत चित्रकला शिकवायची. नात्यातल्या प्रत्येक लग्नाची पाकिटं तिच्याच अक्षरात जायची. तिची बायको कुत्र्यामांजरांची डॉक्टर. दोघींनी परदेशात जाऊन रीतसर नोंदणी करून लग्न केलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. नातेवाइकांना ते ठाऊक होतं, पाकिटांना नव्हतं. आमंत्रण यायचं आत्याच्या एकटीच्या नावाने. पुढे ‘सहपरिवार’.

“मी परिवार,” डॉक्टर म्हणायच्या आणि घरीच थांबायच्या. आत्या एकटी जाऊन जेवून यायची.

मग मैत्रिणीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, “आत्या, तुमचं पाकीट दोघींच्या नावाचं. आणि तूच लिही.”

डॉक्टर मांजराच्या कानातून नजर न काढता म्हणाल्या, “माझं नाव नीट आलं तर येईन.”

आत्याने नवी निब आणली.

रविवारी आम्ही टेबलाभोवती बसलो. मैत्रिणीचे वडील, म्हणजे आत्याचे दादाही होते. सगळी पाकिटं झाली होती, हे एक सोडून. आत्याने खाली पत्ता लिहिला. वरची ओळ मोकळी होती.

“श्रीमती व श्रीमती,” मैत्रीण म्हणाली.

“दोन विधवा निघाल्या जेवायला,” आत्या म्हणाली.

“मग सौ. व सौ.?”

“छे, जावा वाटतील,” दादा म्हणाले.

“मग नुसती नावं लिही,” मैत्रीण म्हणाली.

“तुझ्या त्या दारुड्या काकालासुद्धा मी श्री. लावलंय. आम्हीच तेवढ्या बोडक्या?”

दादांनी टेबलावर थाप मारली. “डॉ. व सौ.! झकास. कुणाला काही कळायचं नाही!”

“मिशाही काढा मला,” डॉक्टर आतून म्हणाल्या.

आत्याने माझ्याकडे बघितलं. “तू साहित्य शिकलीस ना? सांग.”

मी सौभाग्यवती या शब्दाविषयी बोलले. बराच वेळ बोलले. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

“बाळ, एवढं पाकिटावर मावत नाही.” मग ती दादांकडे वळली. “भाग्य माझं आहे की नाही, ते मी ठरवणार. जावा तर जावा.”

तिने निब बुडवली, ‘सौ.’ लिहिलं आणि थांबली.

“आधी कुणाचं नाव?”

“तुझं. मोठी तू,” डॉक्टर म्हणाल्या.

“घर तुझ्या नावावर आहे.”

“अक्षर तुझं आहे.”

“म्हणून स्वतःचं आधी लिहू? शोभतं का?”

जेवणं झाली तरी दोघी भांडत होत्या. मी दारातून निघाले तेव्हा आत्या म्हणत होती, “सकाळी बघू.”

सकाळी ती उठली नाही. हृदय, म्हणे. मला ते अजून नीट ऐकू आलेलं नाही.

चार दिवसांनी दादा ते पाकीट आणि स्वतःचं पेन घेऊन डॉक्टरांसमोर बसले. ‘डॉ.’चं नावही त्यांनी काढलं नाही.

“मी पुरं करतो. सौ. व सौ.च लिहितो,” ते म्हणाले. “फक्त सांगा, आधी कुणाचं ठरलं होतं?”

डॉक्टरांनी पाकिटाकडे बघितलं. “ठरलंच नव्हतं हो, दादा.”

दादांनी पेनाला टोपण लावलं.