मातामायचे नऊ कोंबडे

"देवीच्या नावानं सोडलेला कोंबडा इकता येत नाई, कोकिळेची माय. कितीकदा सांगू?"

"मंग तो देवीच्या घरी झोपाले काऊन जात नाई?"

"जनावर हाये ते. त्याले का समजते?"

"त्याले सारं समजते. घर कोणतं, दाणा कोण टाकते, संध्याकाळी कुठी जाचं, सारं. सोडणाऱ्यालेच नाई समजलं."

मधुकरराव ओट्यावर उभे होते. तोंडात कडुनिंबाची काडी, गळ्यात तुळशीची नवी माळ. कोकिळेची माय, म्हणजे त्यांची बायको मनकर्णाबाई, अंगणात खुराड्यापुढे उकिडवी बसली होती. खुराड्याचं दार अजून लावलेलंच होतं आणि आत नऊ कोंबडे एकाच वेळी आरवत होते. वडनेरला त्या चैत्रात सकाळ कधी होते हे कुणाला नीट कळेनासं झालं होतं. मधुकररावांच्या अंगणातली सकाळ तीन वाजताच सुरू व्हायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत संपायची नाही.

मनकर्णाबाई आंजीची. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन वडनेरला आली तेव्हा बापानं भांडी दिली, आणि आईनं निघता निघता फडक्याखाली झाकून एका डालग्यात दोन तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, दिल्या. भांड्यांची कल्हई पहिल्याच वर्षी उडाली, पाण्याचा मधला गुंड मोडीत गेला, पण त्या दोन तलंगांचा वंश कधी खंडला नाही. त्या वंशातली आता एकच उरली होती: काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली कवडी. बाकीच्या कोंबड्या इकडच्या तिकडच्या. कवडी आंजीची.

तलंगांबरोबर आईनं अक्कलही बांधून दिली होती. "नर निंगतीनच, बाई. अर्धे तं निंगतातच. ते आरवाले लागले का त्यायची सोय लावून टाकजो, नाई तं कोंबड्यायले जगू देत नाई ते. एक ठेवजो. कोणता? दाणा दिसला का जो आंधी कोंबड्यायले बलावते, तो. जो आंधी सोता गिळते, तो बाजारात."

मनकर्णाबाईनं हा नेम चोवीस वर्षं पाळला. दरवर्षी एक ठेवला, बाकीचे विकले, पाहुणा आला तर रांधले. यात तिला पाप वाटलं नाही आणि पुण्यही वाटलं नाही. घर झाडण्यात काय पाप नि काय पुण्य?

पंचविसाव्या वर्षी मधुकररावांना कोंबड्यांत गोडी वाटू लागली, तिथं सगळं बिघडलं.

दिवाळीनंतर दोन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या. जन्मात कधी खुराड्यातली शीट न काढलेले मधुकरराव अंड्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसले. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी. एकेक अंडं खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, सोनारानं खडा पारखावा तसं ते पारखत होते.

"अंड्याच्या तोंडावर लिवलं राह्यते का?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"शास्त्र हाये हे. तुले नाई समजाचं."

शास्त्रानं निवडलेली अठरा गोल अंडी दोन कोंबड्यांखाली बसली. सतरा पिल्लं निघाली. त्यातले अकरा नर. त्यानंतर शास्त्राबद्दल मधुकररावांनी घरात अवाक्षर काढलं नाही. मनकर्णाबाई मात्र रोज काढायची.

माघात गावात सप्ता बसला. मांडवात पुढची सतरंजी माळकऱ्यांची, आणि पंगतही आधी त्यांची. तीन दिवस मागे गोणपाटावर बसून मधुकररावांनी हे सगळं पाहिलं आणि चौथ्या दिवशी माळ घातली. मटण सुटलं. अंडंही सुटलं होतं; पण फाल्गुनात त्यांना खोकला झाला, आणि दुधात फेटलेलं कच्चं अंडं हे खाणं नसून औषध आहे असं ठरलं. खोकला गेला, औषध चालू राहिलं.

कोंबडे आरवू लागले तसं मनकर्णाबाईनं हमरस्त्यावरच्या जाम गावच्या चौकात ढाबा चालवणाऱ्या हिरालालला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, "देसी मुर्गा जितना है उतना लाव, बाई." मधुकररावांनी ते ऐकलं नि माळेला हात लावला.

"माह्या घरून हत्या होणार नाई."

"हत्या हिरालालच्या घरी होईन. तुमच्या घरून तं नुसती काळीपिवळी जीप जाईन."

"माळकऱ्याच्या घरचे कोंबडे ढाब्यावर. लोकं का म्हणतीन?"

लोकांनी काहीतरी चांगलं म्हणावं म्हणून मधुकररावांनी तोड काढली. गावाच्या वेशीजवळ लिंबाखाली मातामायचा चौथरा होता, घरापासून दोन हाकांवर. चैत्राच्या नवरात्रात अकराही कोंबड्यांना हळदकुंकू लावून, पुढे डफडं वाजवत त्यांनी ते देवीच्या नावानं सोडले. असा कोंबडा कुणी कापायचा नाही, विकायचा नाही, ही गावची रीत. लोकांनी वाहवा केली. शेजारच्या वच्छलाबाईनं तेवढं विचारलं, "भाऊजी, आता हे रात्री कुठी राह्यतीन?"

"जिची वस्तू, तिले काळजी," मधुकरराव म्हणाले.

दिवेलागणीच्या आधी अकराही कोंबडे, तुऱ्यावर कुंकू लावून, एकामागे एक, पाटलांच्या लग्नातल्या वऱ्हाडासारखे अंगणात आले आणि खुराड्यात शिरले.

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी ते पुन्हा नेऊन सोडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा; त्या दिवशी तर कोंबडे त्यांच्या आधी घरी पोचले. चौथ्या दिवसापासून त्यांनी नेणं सोडलं आणि देवीची इच्छा असं म्हणू लागले. देवीची इच्छा रोज पायली पायली दाणा खायची. आठवड्यानं दोन कोंबडे कमी झाले. मधुकरराव म्हणाले, देवीनं उचलले. मातामायचे पुजारी नानाजी यांच्या घरामागून त्या सांजेला कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला होता, हे वच्छलाबाईनं भिंतीवरून सांगितलं.

राहिले नऊ. नऊ बेकार गडी अंगणात दिवसभर छाती काढून फिरत, एकमेकांशी झुंजत आणि मिळून कोंबड्यांच्या मागे लागत. कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या. अंडी बंद झाली, म्हणजे औषधही बंद झालं. त्याची तेवढी मधुकररावांनी चौकशी केली. काल संध्याकाळी सगळ्या कोंबड्या आत आल्या आणि कवडी आली नाही. मनकर्णाबाईला ती सरपणाच्या मागे सापडली. पाठीची कातडी फाटलेली, एक डोळा बंद. हळद-तेल लावताना ती हातात ओरडलीही नाही. मनकर्णाबाईनं तिला रात्रभर टोपलीखाली झाकून अंगणातल्या स्वतःच्या खाटेपाशी ठेवलं. आणखी आठ दिवस हे असंच चाललं तर आंजीहून आणलेलं काहीच या घरात उरणार नव्हतं.

म्हणून आज ती दोन डालगी घेऊन खुराड्यापुढे बसली होती. दार बोटभर उघडायचं, हात घालायचा, एक ओढायचा, पाय बांधून डालग्यात टाकायचा. बोलणं तोंडानं चाललं होतं, हात थांबत नव्हते.

"मातामाय कोपली तं?" मधुकररावांनी काडी थुंकून विचारलं.

"दोन गेले तवा नाई कोपली."

"ते तं नानाजीनं..." मधुकरराव थांबले.

मनकर्णाबाईनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे मालूम होतं तुमाले."

मधुकररावांनी चूळ भरली. ती बराच वेळ भरली.

आठ कोंबडे डालग्यांत गेले. नववा तिनं मोकळा सोडला. राखट रंगाचा, शेपटी अर्धी तुटलेली, तुरा एका बाजूला कललेला.

"हा ठेवते? अवो, तो तांबडा ठेव. कसा राजावानी दिसते."

"तो राजावानीच खाते."

तिनं मूठभर ज्वारी अंगणात फेकली आणि कवडीवरची टोपली उचलली. राखटानं दाणा चोचीत धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि घशातल्या घशात टुकटुक करत उभा राहिला. कवडी एका डोळ्यानं बघत राहिली. मग लंगडत आली आणि तो दाणा तिनं खाल्ला. तोवर राखट तसाच उभा होता. मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिली, मग नवऱ्याकडे, आणि पदर खोचून उठली.

रस्त्यावर काळीपिवळीनं हॉर्न दिला. एक डालगं तिनं डोक्यावर घेतलं, दुसरं कमरेवर.

"अवो, लोकायनं इचारलं तं मी का सांगू?" मधुकरराव ओट्यावरून उतरले. "नानाजीले का सांगू?"

ती फाटकापर्यंत गेली.

"बरं, ते राहू दे. माह्या चहाचं का?"

मनकर्णाबाईनं फाटक कोपरानं ढकललं, कवडी बाहेर येऊ नये म्हणून पायानं ओढून घेतलं, आणि काळीपिवळीकडे चालू लागली.