स्पॅममध्ये पडलेला कंद

एकादशीच्या सकाळी मी देवासला घरी बसून धारच्या काकूंच्या रेसिपीच्या ब्लॉगवरचा कचरा काढत होतो. ‘एम्प्टी स्पॅम’ हे बटण दाबलं की सगळं साफ, परत काही मिळत नाही. दाबायच्या आधी मी यादी एकदा खाली सरकवली. का सरकवली, देव जाणे. बुटांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींत काकूंच्या उपासाच्या कंदाच्या पोस्टवरची एक कॉमेंट होती, मराठी-हिंदी मिसळलेली, पण सगळी इंग्रजी अक्षरांत.

‘काकू, उदयनगरसे कंद मंगवाया है, तुमच्या फोटोसारखाच दिसतो. काटते वक्त हाथ जल रहे हैं. कल एकादशीला सासूबाईंना द्यायचाय. देऊ ना?’ नाव पूजा, गाव पीपलरावां. वेळ आदल्या संध्याकाळची.

काही रानकंद नीट तयार न करता खाल्ले तर जिवावर बेततात, एवढं मी ऐकून होतो. आणि ती कॉमेंट स्पॅममध्ये मीच ढकलली होती.

मी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. स्पॅम म्हणजे मशीनने पाठवलेल्या खोट्या कॉमेंट. ‘नाइस पोस्ट’ म्हणायचं आणि खाली आपली लिंक चिकटवायची. काकू रिटायर्ड शिक्षिका, घराणं जुन्या मराठा दरबाराबरोबर धारला आलेलं. उंबऱ्याशी आलेल्याला निदान पाणी तरी विचारावं, हा त्यांचा नेम. त्यामुळे त्या मशीनलाही लिहायच्या, ‘आभारी आहे, घरी सगळे क्षेम ना?’ मी पोट धरून हसायचो. मग एक दिवस विहिणीसमोर त्यांनी तसली एक लिंक उघडली आणि नको ते फोटो दिसले. काकू रडकुंडीला आल्या. मी फिल्टर लावला, म्हणजे कॉमेंटला चाळणी. जिच्यात एकही देवनागरी अक्षर नाही, ती थेट स्पॅममध्ये. काकूंना तिचा पत्ताही लागायचा नाही.

मोठा शहाणा मी! आमच्या माळव्यातल्या मराठी घरांतली निम्मी पोरं मराठी बोलतात, पण लिहितात इंग्रजी अक्षरांत. मी स्वतः तसंच लिहितो. आणि चाळणी लावताना मला नेमकं तेच आठवलं नाही.

कॉमेंटसोबतच्या पत्त्यावर पूजाला ईमेल टाकला. उत्तर नाही. काकूंना फोन लावला आणि कॉमेंट वाचून दाखवली.

“हात जळतात म्हणते? अरे, आमच्याकडे एक बाई कंद आणून द्यायची. पांढरेशुभ्र काप असायचे. आम्ही नुसते तुपावर परतायचो.”

“त्याआधी ती काय करायची, काकू?”

“ते कधी विचारलंच नाही रे. मला वाटलं, कंद असाच असतो. फोटोसुद्धा मी बाजारातल्या कुठल्यातरी कंदाचा काढला.”

एका म्हातारीच्या जिवाचा प्रश्न होता, आणि माझ्याकडे आता उरलं होतं फक्त एक नाव आणि एक गाव. मी स्पॅममध्ये ‘पूजा’ शोधलं. तिच्या आणखी तीन कॉमेंट निघाल्या, त्याही मीच गाडलेल्या. एकीत लिहिलं होतं, नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान बस स्टँडजवळ आहे. नेटवर तशा दुकानांचे दोन नंबर मिळाले. पहिल्याने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसरा उचलेना. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.

“बोलो भिया.”

मी नावगाव सांगितलंच नाही. “भिया, पूजाजी आपके घर से हैं क्या? पहले घर फोन लगाओ. वो कंद कोई खाए नहीं.”

त्याने तडक फोन कापला. मग वीस मिनिटं मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. बायकोने साबुदाण्याची बशी आणून ठेवली, ती तशीच राहिली. मला राहून राहून न पाहिलेली ती म्हातारी दिसत होती. इतका मी कधी घाबरलो नाही, खोटं कशाला बोलू?

फोन आला तो पूजाचाच.

“भैया, कंद शिजवून झाकून ठेवलाय. काकू सगळ्यांना उत्तर देतात ना, अगदी फालतू कॉमेंटला पण. माझ्या आधीच्या कॉमेंटचं जाऊ दे, पण हात जळतात म्हटल्यावरही दिलं नाही, तर मी सासूबाईंना म्हटलं, थांबा. सुबह से भूखी बैठी हैं, माझ्यावर चिडल्यात.”

मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं.

ज्याने कंद आणून दिला होता त्याला पूजाच्या नवऱ्याने संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, हा असा खायचा नसतोच, विष उतरवायला आमच्या बायका त्याच्यावर तीन-तीन दिवस मेहनत घेतात. कुणाच्या फोटोवरून ओळखायचा तर मुळीच नाही. काकूंनी पोस्ट काढून टाकली आणि तिथे स्वतःची चूक लिहिली. मी ती चाळणी उडवली. आता रोज सकाळी मी स्पॅम डोळ्यांनी वाचतो. कंटाळवाणं काम आहे.

कंदाबद्दल विचारणाऱ्या आणखी दोन कॉमेंट त्या ढिगात सापडल्या. दोघांनाही गाठलं, दोघंही ठीक होते. पण ज्यांनी पोस्ट वाचली आणि काही न विचारता कंद चुलीवर चढवला, ते कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाहीत. काकू अजून मला त्यांच्याबद्दल विचारतात. मी म्हणतो, तसं कोणी नसेल.