ताईला वाचून दाखवलेली दोन पुस्तकं

चौतीस सालच्या थंडीत माझ्या थोरल्या बहिणीला क्षयाने गाठलं. हवापालटासाठी तिला देवळालीच्या एका बंगलीत ठेवलं होतं. मी दुपारी नाशिकहून वाचनालयातली पुस्तकं घेऊन जायचे आणि व्हरांड्यात तिच्या खाटेपासून चार हात दूर बसून मोठ्याने वाचायचे.

त्यातली एक कादंबरी होती. तिची नायिकाही क्षयानेच आजारी होती, आणि शेवटच्या प्रकरणात ती नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून तीन पानं बोलत होती. वाचताना मला रडू आवरेना. ताई मात्र चिडली.

"तीन पानं? मला पाणी मागायलासुद्धा दम पुरत नाही," ती म्हणाली. "याने आजारी माणूस पाहिलेलाच नाही. त्यापेक्षा ते पाखरांचं वाच."

पाखरांचं पुस्तक मला रुक्ष वाटायचं. घरट्याची खोली, अंड्यांवरचे ठिपके, पिल्लं उडाली की नाही, एवढंच त्यात होतं.

"पण हा माणूस पाहिलं तेवढंच सांगतो," ताई म्हणायची. सुगरणीचं प्रकरण तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

माघात ती गेली. जाताना ती काहीच बोलली नाही. डॉक्टरांनी जवळ जायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मी दारातच उभी राहिले. त्यांचं ते सांगणं मानल्याचं दुःख मला अजून आहे.

आठवड्याने पुस्तकं परत करायला गेले, तर ग्रंथपालांनी कौतुकाने विचारलं, "कादंबरी कशी वाटली?"

"खोटी आहे," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच मला हुंदका फुटला.