इंजिनाजवळची जागा

शाळेला चार दिवस सुट्टी होती आणि शिरगावचा किल्ला कधीचा मनात होता, म्हणून एकटीच निघाले. नाशिकहून जव्हारमार्गे पालघरची एसटी मिळते. घाट वळणांचा आहे, भरल्या पोटी बसू नका. पालघरला दिवसभरासाठी रिक्षा केली. भाडं आधीच ठरवून घ्या.

रिक्षावाला जगदीश, वय असेल बावीस-तेवीस. मी मागून तीनदा "थांबा" म्हटलं, पण पठ्ठ्या ढिम्म. मी पडले मास्तरीण. असा आवाज चढवला की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. तेव्हा तो वळून म्हणाला, "बाई, जरा पुढं वाकून बोला. मला ऐकू कमी येतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

किल्ला लहानसा, तासाभरात बघून होतो. आसपास हॉटेल धड नव्हतं, म्हणून जगदीश जेवायला घरीच घेऊन गेला. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्याच्या आईनं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. अशी चव नाशकात शोधून सापडायची नाही.

बोलता बोलता कळलं, जगदीश आयटीआय झालेला फिटर आहे. बोईसरच्या एका कारखान्यात त्याची निवडही झाली होती, पण वैद्यकीय तपासणीत कान नापास झाले. आज दुपारी फेरतपासणी होती.

"शाळेची, आयटीआयची फी यानंच भरली," आई अभिमानानं म्हणाली. "तीन वर्सं सुट्टी पडली का बापाच्या बोटीवर. याचा कान लय तेज होता. इंजिन बिघडायच्या आदी याला कळायचं, म्हनून इंजिनाजवळ यालाच बसवायचे. आता धाकटा बसतो, महेश. त्याची बी फी हाय ना."

"आणि आता यांचे कान?"

"महिनाभर रोज कोमट खोबरेल घातलंय. आज पास होनार."

मी घड्याळ बघितलं आणि जगदीशला म्हटलं, चला, मीही येते बोईसरला.

बेटेगाववरून बोईसर गाठलं. ट्रकची रांग, नाकात झोंबणारा वास. रुमाल जवळ ठेवा. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर मी चहा घेतला आणि मनातल्या मनात नवसही बोलले. अर्ध्या तासानं जगदीश कागद घेऊन बाहेर आला.

"नाय झालं, बाई. डॉक्टर बोलले, इंजिनाच्या आवाजानं गेलाय कान. आता परत येनार नाय."

"आईला काय सांगणार?"

"तेल कमी पडलं, असं सांगतो."

परतताना रिक्षात माझाच वर्ग डोळ्यांपुढं आला. वीस वर्षं वर्गात सांगत आले, पोरांनो शिका, म्हणजे नोकरी लागेल. या पोरानं शिकण्यासाठी कान दिले आणि नोकरीला नेमके कानच हवे होते. मला स्वतःचाच राग येत होता.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते कान झाकायचे, आवाज अडवणारे जाड हेडफोन आणले आणि महेशसाठी कुरिअरनं पाठवले. सोबत मास्तरीणबाईंची सविस्तर चिठ्ठी. आठवड्यानं त्याच्या आईचा फोन आला.

"बाई, पोचलं तुमचं. पन महेश घालत नाय. कान झाकले तर इंजिन कसं ऐकू येनार?" मग तिच्या आवाजात तोच अभिमान आला. "याचा कान तर जगदीशपेक्षा तेज हाय."