मंडप फॉल्टच्या पलीकडे

कोअरच्या पेटीत नुसता गुलाबी, टणक दगड. कोअर म्हणजे ड्रिलिंग मशीनने जमिनीतून कापून काढलेली दगडाची नळकांडी. मशीन चालवणारा गणपत पेटीकडे बघून मला म्हणाला, "साहेब, काहून दगड कापून राहिलो आपण? याच्याखाली कोळसा नाही, पाताळ आहे."

मलाही ते ठाऊक होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरजवळच्या कामठीच्या पुढे आम्ही कोळसा शोधत होतो, मी तिथला भूगर्भशास्त्रज्ञ. तिथे जमिनीत मोठा फॉल्ट आहे, म्हणजे दगडातली लांबच लांब भेग, जिच्या एका बाजूची जमीन युगानुयुगं खचत गेली. तिथे खोलगट खोरं झालं. नद्यांनी त्यात वाळू, गाळ आणून टाकला, झाडंझुडपं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. जमीन जितकी खचली तितके थर जाड. वर राहिलेल्या बाजूला मात्र जुना दगडच. वाटीत आमटी राहते, काठावर कशी राहील?

ड्रिलिंगसाठी मी ठरवलेला पॉइंट वाटीतच होता. पण उद्घाटनाला दिल्लीहून बडे पाहुणे येणार, आणि खाली काळ्या मातीचा चिखल. आमच्या मोठ्या साहेबांनी मंडप सरळ कोरड्या टेकाडावर नेला. म्हणजे फॉल्टच्या पलीकडे! मी नकाशा घेऊन मागे धावलो. साहेब म्हणाले, "अहो, एवढ्याशा अंतराने काय फरक पडतो? पृथ्वी केवढी मोठी आहे." पाहुण्यांनी टेकाडावर नारळ फोडला. नारळ फुटला तिथलं होल, म्हणजे ड्रिलिंगचं भोक, पुरं झाल्याशिवाय मशीन हलवायचं नाही, हा आमच्या कॅम्पचा रिवाज. मग काय, झक मारत दगड कापणं आलं.

कोळसा लागला नाही तर कॅम्प गुंडाळणार आणि माझी बदली आसामात. बायकोला नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत नुकतीच नोकरी लागलेली. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही जा, मी पत्रं लिहीन. माझी पाचावर धारण बसली.

साहेबांची चूक दाखवली असती तर ते हट्टालाच पेटले असते. म्हणून मी पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि नम्रपणे म्हटलं, "सर, फॉल्ट सिद्ध करायला एक होल वरच्या बाजूला लागतंच. तुम्ही ते आधीच घेतलंत, म्हणजे ते होल पुरं झालं. आता कोळशासाठी खाली घ्यायचं का?"

साहेबांनी पेटीतला एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "माझ्या मनात तेच होतं. तुम्हालाच समजायला वेळ लागला."

मशीन खाली आलं, पण गणपत नारळाशिवाय ते सुरू करेना. आता पाहुणे कुठून आणायचे? चिखलात उभं राहून मीच नारळ फोडला, टाळ्या गणपतने वाजवल्या. काही आठवड्यांनी कोअरमध्ये काळाभोर, चकचकीत कोळसा आला. खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. बदली टळली.

यशाच्या समारंभालाही मंडप टेकाडावरच उभा राहिला. साहेबांनी भाषणात वरच्या होलमागची आपली दूरदृष्टी सविस्तर सांगितली. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली.

पुढे नोकरीभर मी एक नियम पाळला. नव्या जागी गेलं की फॉल्ट नंतर शोधायचा, आधी मंडपवाल्याला गाठायचं.